पाटावरचा ॲम्प्लिफायर

या अंकात दरवर्षी लिहिणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत. ओळखीची म्हणजे मी त्यांना ओळखतो, त्यांनी मला ओळखायचं काही कारण नाही. कोणी वकील आहेत, कोणी जन्मभर शाळेत शिकवलेलं आहे. त्यांच्या पानांशेजारी माझं पान यावं, याचा मला फार संकोच वाटतो. माझं तर अजून कॉलेजही संपलेलं नाही, आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंत गेलेलं नाही. संपादकांना मी हे सगळं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तू रेडिओ दुरुस्त करतोस ना? त्यावर लिही. कोर्टातल्या गमती दरवर्षी असतातच." तेव्हा लिहितो आहे. एखादं वाक्य वाकडं गेलं असेल तर वाचताना तेवढं सरळ करून घ्यावं.

आम्ही मूळचे खाडीकाठच्या एका आगरी गावातले. वडील मिठागरावर मुकादम आहेत. माझ्या हायस्कुलासाठी त्यांनी पनवेलच्या टोकाला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि त्या खोल्यांत वीज होती. गावात आम्ही कंदील पुसत मोठे झालो. त्यामुळे भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागतो, हे मला पुढे वर्षभर नवीनच वाटत होतं. मॅट्रिकनंतरच्या सुट्टीत मुंबईला मामांकडे राहून मी एका रेडिओच्या दुकानात बसलो. मालकांनी माझ्या हातात आधी झाडू दिला, मग चिमटा आणि सुट्टी संपता संपता सोल्डरिंगची कांडी. आता कॉलेजमुळे आठवडाभर मुंबईला असतो. शनिवार-रविवार घरी आलो की लोक रेडिओ घेऊन येतात.

दुरुस्तीचं काम मी स्वयंपाकघरात करतो, कारण प्लग तिथेच आहे. टेबल नाही. आईचा जेवायचा मोठा पाट उलटा करून त्यावर यंत्र ठेवतो. सोल्डरिंग करताना राळेचा धूर होतो, तो आईला आवडत नाही. "देवलान् धूप जालावा तसा जालतोस, पन देव काय दिसत नाय," असं ती म्हणते. पण पाट कधी मागून घेतलेला नाही.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. रेडिओ किंवा ॲम्प्लिफायर उघडला की आत काचेचे लहान दिव्यांसारखे व्हॉल्व्ह दिसतात. ते तापले की बारीक आवाजाचा मोठा आवाज करतात. दुसरी गोष्ट अशी, की यंत्राचं बटण बंद केलं तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज बराच वेळ दडून बसलेली असते, आणि ती माणसाला फेकून देऊ शकते. म्हणून चालू यंत्रात हात घालताना डावा हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जात नाही. आईने पहिल्यांदा मला तसं बसलेलं पाहिलं तेव्हा शेजारणीला सांगितलं, "आमचा पोरगा एका हातानं काम करतो. दुसरा लाजतो."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. आपटा गावचे एक निवृत्त गुरुजी रेडिओ घेऊन आले. म्हणाले, "मी हात ठेवला की बोलतो, हात काढला की गप्प. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाताला बोलत नाही." पाहिलं तर एरियलची तार आत तुटली होती, आणि गुरुजींचं शरीरच एरियलचं काम करत होतं. दुसऱ्या कोणाला ते हातच लावू देत नसणार. तार जोडून दिली. गुरुजींनी हात न लावता बातम्या ऐकल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता कोणीही लावील," ते म्हणाले.

सगळंच जमतं असं नाही. शिरढोणच्या एका आजींचा रेडिओ मी तसाच परत केला, ते अजून मनाला लागून आहे. खारट हवेने आतली केसासारखी बारीक तारच खाल्ली होती. त्या सकाळची भजनं ऐकायच्या. "असू दे बाळा, तू हात तरी लावलास," म्हणाल्या, आणि रेडिओ पदराखाली झाकून घेऊन गेल्या.

पण मला लिहायचं आहे ते शौकतभाईंच्या गिटारच्या ॲम्प्लिफायरबद्दल.

शौकतभाई पनवेलचेच, कोकणी मुसलमान. ते हवाईयन गिटार वाजवतात. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवतात. गिटारमधून निघणारी वीज इतकी नाजूक असते की ॲम्प्लिफायरशिवाय तिचा उपयोग नाही. त्यांनी तो कोणा विलायतेला परत चाललेल्या साहेबाकडून घेतला होता. लाकडी पेटी, पुढे जाळी, वर गरम हवा जायला फटी. त्यांच्या अब्बांना घरात बाजा चालत नसे, त्यामुळे पेटी असायची पांडूदादांच्या घरी, आमच्या गावाशेजारच्या गावात. पांडूदादांची वाजंत्र्यांची पार्टी आहे: ढोलकी, क्लॅरिनेट, झांज आणि वीज असेल तिथे शौकतभाईंची गिटार. पनवेल-उरणकडच्या लग्नांत या गिटारीमुळेच पांडूदादांना मागणी होती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका शनिवारी दोघे पेटी घेऊन आमच्या दारात आले. पेटी पांडूदादांच्या खांद्यावर होती. बाजारातल्या दुकानदाराने सांगितलं होतं, मुंबईला न्या, महिना लागेल.

"महिना नाय आपल्याकडं," शौकतभाई म्हणाले. "सोमवारी मुंबईला टेस हाय, वाजवून दाखवायचा. आफ्रिकेच्या बोटीवर बँड असतो, त्यात गिटारवाला पायजे. आपापला सामान घेऊन या म्हनून सांगितलाय. ही पेटी बोलली तर मी बोटीवर, नायतर दुसरा कोनी."

मी पेटी लावली. गिटार लावायच्या आधीच आतून मोठी गुणगुण सुरू झाली, मधमाश्यांचं पोळं ठेवल्यासारखी. शौकतभाईंनी एक सूर काढला. तो त्या गुणगुणीत बुडाला.

ते हातपाय धुवायला मागे गेले तेव्हा पांडूदादा माझ्याजवळ सरकून बसले. हळू आवाजात म्हणाले, "तू हा नीट केलास की माजा गडी जातो. त्याच्याबिगर माजी पार्टी म्हंजे नुसती ढोलकी. ह्ये मला कलतंय."

मी पेटीच्या मागचे स्क्रू काढू लागलो.

"तरी नीट कर," ते म्हणाले. "त्याच्या घरात लगनाच्या दोन बहिनी हायत. आनि तो ढोलकीवाल्यांत जल्म काढायचा मानूस नाय."

गुणगुणीचं कारण सापडायला वेळ लागला नाही. भिंतीतली वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते. यंत्राला ती सरळ आणि सपाट करून लागते, आणि सपाट करायचं काम फिल्टर कंडेन्सर करतो. तो जुना होऊन आतून सुकला की विजेची लाट तशीच पुढे जाते आणि स्पीकरमधून ऐकू येते. माझ्याजवळ नवा कंडेन्सर होता. तो बसवला, पेटी लावली, आणि खोली शांत झाली. शौकतभाईंनी सूर काढला. इतका स्वच्छ, की आई चुलीपाशी हातातलं काम थांबवून पाहू लागली.

मला वाटलं, झालं. मी पेटी बंद करायला स्क्रू हातात घेतले.

तेवढ्यात आत काहीतरी तडतडलं. तेलात मोहरी टाकावी तसं. मग थांबलं. मग पुन्हा, आणि आवाज एकदम खाली गेला, जणू कोणी गिटारच्या तोंडावर उशी दाबली. बंद करून पेटी निवू दिली की पुन्हा ठीक. तापली की तडतड. टेस म्हणजे एक गाणं वाजवून उठणं नव्हे, चांगला तास-दीड तास वाजवून घेतात, असं शौकतभाईंनीच सांगितलं होतं.

रविवारी सकाळी चहा घेऊन पाटापुढे बसलो. असा दोष शोधायची रीत अशी, की यंत्राचा एकेक टप्पा मुका करत जायचं. पहिला व्हॉल्व्ह काढून ठेवला, तरी तडतड. दुसरा काढला, तरीही. म्हणजे दोष शेवटच्या, मोठ्या व्हॉल्व्हपाशी. तो बदलून पाहावा म्हणून आमच्या घरच्या रेडिओतला काढून लावला. हा रेडिओ मीच जुन्या सामानातून जुळवलेला, वडील रोज संध्याकाळी त्यावर बातम्या ऐकतात. व्हॉल्व्ह बदलूनही पेटी तापली, आणि तडतडली.

आता मात्र माझा धीर सुटू लागला. कॉलेजात प्रयोग चुकला तर पुन्हा करता येतो. इथे शौकतभाई ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होते. तेच जड जात होतं.

मी वीज काढली, कंडेन्सर रिकामा केला आणि आतला सांगाडा उलटा करून उन्हात दाराशी नेला. मोठा व्हॉल्व्ह ज्या खोबणीत बसतो, तिच्या पायांमध्ये तांबूस काहीतरी साचलं होतं. मी म्हटलं, गंज असणार. खारी हवा, पांडूदादांचं खाडीकडचं घर. कापसाने पुसलं तर कापूस लाल झाला, आणि कडेला पिवळा. अजून आत खरवडलं तर एक काळा पडलेला दाणा निघाला. मी तो तळहातावर घेऊन पाहिला. गंजात तांदूळ मी तोपर्यंत कधी पाहिला नव्हता.

"पांडूदादा," मी म्हटलं, "या पेटीची पूजा करता काय?"

"म्हंजे काय? दसऱ्याला करतावच. ढोलकीची, क्लॅरिनेटची, सगल्यांचीच. हिला काय बाजूला बसवू? हलद, कुकू, अक्षता. नारल फोडून पानी शिंपतो."

"कुठे शिंपता?"

"वरशी. फटी हायत ना, थंड वाटल तिला."

त्या वरच्या फटींतून दर दसऱ्याला कुंकू, हळद, अक्षता आणि नारळाचं पाणी आत जात होतं, आणि नेमकं शेवटच्या व्हॉल्व्हच्या पायाशी साचत होतं. त्या पायांपैकी एकावर तीनशे व्होल्ट असतात. ओल धरलेल्या कुंकवातून वीज एका पायावरून दुसऱ्या पायावर चोरवाट काढायची. थंड असताना थोडी, तापल्यावर पुष्कळ.

हे पांडूदादांना कसं सांगावं ते मला कळेना. ज्या माणसाने भक्तिभावाने पूजा केली, त्याला तुमच्या पूजेने यंत्र बिघडलं असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी कापूस पुढे केला आणि जमेल तसं समजावलं. पांडूदादांचा चेहरा पडला.

"म्हंजे आमीच मारला हिला? वाईट काय केला आमी? हात जोडले."

शौकतभाई हसू लागले. "दादा, मला म्हायत होता. दर दसऱ्यानंतर हिच्या कपालाला कुकू दिसायचा. मी पुसायचो आनि गप ऱ्हायचो. माझ्या घरात हिला जागा नव्हती, तुमच्या घरात पाट मिलाला. मी कुठल्या तोंडानं बोलनार?"

"बोलायचास रं."

"काय बोलू? माझी पेटी पुजू नका?"

पांडूदादांनी पेटीच्या बाजूवरून हात फिरवला. मग मला विचारलं, "बाजूला लाकडावर टिला लावला तर चालंल?"

मी म्हटलं, चालेल. पाणी मात्र नको.

"मग देवाला सांगतो. बाजूनं घे म्हनून."

पण एवढ्याने काम झालं नव्हतं. खोबणी स्पिरिटने धुतली, उन्हात वाळवली, तरी तडतड थोडी उरलीच. जिथून वीज धावली होती तिथे खोबणी जळून काळी रेघ पडली होती, आणि जळलेली रेघ पुसून जात नाही. खोबणीच बदलायला हवी. रविवारी पनवेलमध्ये ती मिळणार कुठे? तशी एकच खोबणी माझ्या माहितीत होती, आमच्या रेडिओत.

वडील नुकतेच जेवून बसले होते. मी त्यांना विचारलं. त्यांना यंत्रातलं कळत नाही, पण रेडिओ किती दिवस बंद राहील ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुंबईहून नवी खोबणी आणीपर्यंत.

"काड," ते म्हणाले. "बातम्या काय, मिठागरावर कोन ना कोन सांगतोच."

दुपारभर मी ती खोबणी बदलत होतो. आठ पाय, प्रत्येकावर दोन-तीन तारा. एक तार चुकली तर सगळंच गेलं. आई माझ्या मागे उभी राहून पंख्याने वारा घालत होती. राळेबद्दल त्या दिवशी काही बोलली नाही.

उन्हं उतरल्यावर पेटी लावली. आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो. बराच वेळ कोणी काही वाजवलंच नाही, नुसते ऐकत होतो. पेटी तापली. फटींतून ऊन हवा येऊ लागली. पेटी गप्प होती.

मग शौकतभाईंनी गिटार मांडीवर घेतली. मला वाटलं होतं, ते टेसमध्ये वाजवायची इंग्रजी चाल वाजवतील. त्यांनी वाजवला धवला. आमच्याकडे लग्नात बाया म्हणतात त्या गाण्याची चाल. पांडूदादांच्या पार्टीत राहून त्यांना अशा कितीतरी चाली पाठ झाल्या होत्या. आईने आधी पदर तोंडाला लावला, मग हळूच म्हणू लागली. शेजारच्या दोघी दारात येऊन तिला मिळाल्या. वडील भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. पांडूदादांनी ढोलकी आणली नव्हती, ते पाटावरच ठेका धरत होते. बराच वेळ हे चाललं. पेटी एकदाही तडतडली नाही.

मी कॉलेजात पहिल्या वर्गात पास झालो तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. हे लिहिणं बरं दिसतं की नाही, मला माहीत नाही. पण खरं आहे.

सोमवारी पहिल्या एस.टी.ने दोघे गेले. पांडूदादा पेटी उचलायला म्हणून गेले होते. पुढच्या शनिवारी मी घरी आलो तेव्हा ते वाट बघतच बसले होते.

"वाजवला," ते म्हणाले. "चांगला तासभर. साहेबानं मान हलवली आनि म्हनला, बोट परवा सुटते, येतोस काय? गेला. मी त्याला गोदीपर्यंत पोचवला."

"आणि पेटी?"

"पेटी बी बोटीवर. ती काय मागं ऱ्हाते?"

त्यांनी हसून सांगितलं, पण उठताना खांदा चोळला. त्या खांद्यावर आता पेटी नव्हती.

मी खूश होतो, ते फार तर आठ-दहा दिवस. वर्गातल्या एका मुलाचे वडील गोदीत कामाला आहेत. तो बोलता बोलता म्हणाला, की पुष्कळ जुन्या बोटींवर वीज डीसी असते, म्हणजे बॅटरीसारखी, एकाच दिशेने वाहणारी. माझ्या हातातला पेन तसाच राहिला. शौकतभाईंच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर होता. दिशा बदलणारी वीज असेल तरच तो चालतो. डीसीवर लावला तर तापतो, धूर निघतो आणि संपतो. आणि पेटीच्या मागे तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. शौकतभाई बोटीवर जाऊन दिसेल त्या प्लगला ती लावणार. पहिल्याच संध्याकाळी, उतारूंसमोर. मग गिटारवाल्याला कोण ठेवील?

मी पनवेलला त्यांच्या घरी गेलो. अम्मी म्हणाल्या, "पोहोचला असंल, अल्लाला फिकीर. बोट कुठं हाय ते आम्हाला कोन सांगनार?" त्यांना मी ट्रान्सफॉर्मरचं काही बोललो नाही. घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "बोटीवर पन कोन तरी शिकलेला असंल." त्याने माझं समाधान झालं नाही. परीक्षा आली, गेली, शौकतभाईंचं पत्र काही आलं नाही. पांडूदादांची पार्टी लग्नसराईत गिटारीशिवाय वाजली, मागणी कमी झाली. ते भेटले की विचारत, "काय खबर?" आणि मी नाही म्हटलं की स्वतःच म्हणत, "चांगलाच असंल."

हा लेख लिहायला घेतला तेव्हाही मला काही ठाऊक नव्हतं. त्याचा शेवट कसा करावा, याच विचारात होतो. गेल्या रविवारी शौकतभाईंच्या मोहल्ल्यातले कासमभाई आमच्या घरी आले. ते त्याच बोटीवर खलाशी आहेत, इंजिनखोलीत. लांबची फेरी संपवून सुट्टीवर आले होते. म्हणाले, शौकतने सलाम सांगितलाय, त्याला पुढच्या फेऱ्यांना पक्का घेतलाय, मोठ्या बहिणीचं लग्न ठरतंय.

मी त्यांना चहा पूर्ण पिऊही दिला नाही. विचारलं, "बोटीवर वीज कसली?"

"डीसी," ते म्हणाले. "पन बिजलीवाल्यानं पेटी आधी बघितली, मगच लावली. सिनेमाच्या मशीनसाठी वेगला बोर्ड हाय, तिथं तुमच्या घरासारखी वीज येते. तिथं लावतात. रोज संध्याकाळी."

"आणि आवाज? मागे गुणगुण, तडतड?"

कासमभाईंना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं, गिटार थांबली की पेटीतून काही ऐकू येतं का.

त्यांनी बशी खाली ठेवली, आठवून पाहिलं.

"पेटीतून काय नाय," ते म्हणाले. "बाजा थांबला की खालून आमचा इंजिन ऐकू येतो."